मधलीचा होकार

बसच्या रांगेत एका अनोळखी बाईनं मधलीचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तुम्हीच ना पास्टरांच्या बहीण? केवढं मोठं मन हो तुमचं! आम्ही सगळी मंडळी रोज तुमच्यासाठी देवाचे आभार मानतोय." बाईचे हात मऊ होते, जरा घामेजलेले, आणि तिला सोडायची अजिबात घाई दिसत नव्हती. "कशाबद्दल?" असं विचारलं तेव्हा बाई मान हलवून हसली. "बघा, वर विचारतात कशाबद्दल! या हाताचं त्या हाताला कळू द्यायचं नाही, असंच ना?" मग बाईची बस आली. बाई चढली, तिला खिडकीची जागा मिळाली, आणि बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती हात हलवत राहिली. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला निरोप द्यावा तसा. जात मात्र बाई होती, आणि उभी होती ती मधली.

घरात तिला मधली म्हणत. थोरला दादा, मग ही, मग धाकटी. धाकटी गेल्यावर खरं तर ती मधली उरली नव्हती, दोघांत मधलं कुणी नसतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आता त्या नावानं हाक मारणारा एकटा दादा राहिला होता, आणि त्याच्याकडे ती सणासुदीपुरती जायची. मोठ्या हॉटेलच्या तळघरात धुलाईघर होतं आणि तिथली सगळी देखरेख तिच्याकडे होती. वर कोण झोपलं, कोण रडलं, कुणाच्या नाकातून रक्त आलं, हे तिला माणसं न बघता चादरींवरून कळे. त्या दिवशी वाफेत उभं राहूनही तिचे हात गार होते. खिसा कापला गेल्यावर माणूस अंग चाचपतो तशी ती मनातल्या मनात स्वतःला चाचपत होती. आपलं काय गेलंय? काय दिलंय आपण, की ज्याचे आभार आपल्याआधी लोकांना पोचले? तापलेल्या रोलरमध्ये ओली चादर सरकवायची तर दोघींनी दोन टोकं धरायची असतात. पलीकडची बाई ओरडली, "ताई, सोडा की आता! बोटं जातील!" आणि टोक सोडता सोडताच मधलीला कळलं. किडनी. वर्षभर दादा डायलिसिसवर होता. तिचा हात आपोआप कमरेमागे गेला. चादर पलीकडून कोरडी, कडक, सुरकुतीशिवाय बाहेर पडली, आणि ती तिची घडी न घालताच बघत राहिली.

संध्याकाळी ती थेट दादाकडे गेली. दार वहिनीनं उघडलं आणि नजर चुकवून चहा टाकायला आत निघून गेली, त्यावरूनच उरलंसुरलं कळलं. दादा आरामखुर्चीत होता, पाय स्टुलावर. पाय सुजून चकचकीत झाले होते, चेहऱ्यावर राखेचा रंग आला होता. खोलीत एक वास होता, पितळेचं भांडं बरेच दिवस घासलं नाही की येतो तसा. आवाज तेवढा त्याचाच होता, व्यासपीठावरचा.

"बस मधले. तुला बोलावणारच होतो."

"बोलावण्याआधी आभार पोचले."

"मी म्हटलं होतं यांना," वहिनी आतून म्हणाली, "आधी तिच्या कानावर घाला म्हणून."

दादानं तिकडे लक्ष दिलं नाही. "मला दाखवलं गेलं, मधले. तू आणि मी शेजारीशेजारी आडवे आहोत, अंगावर पांढरं वस्त्र, आणि दोघांच्या मधे उजेड. इतका स्पष्ट, की सकाळी उठलो तर डोळे दिपलेले. मी बनवून सांगतोय असं वाटतं का तुला? मी मागत नाहीये. मला मागायची लाज वाटली असती. तो मागतोय."

"मग त्यानं मला का नाही सांगितलं?"

"तू ऐकतेस कुठं?" दादा म्हणाला. रागानं नाही, कळवळून. आणि बाण लागायचा तिथं लागला, कारण हे खरं असू शकत होतं.

घरी येताना तिला दुकानांच्या काचांत स्वतःची सावली दिसत होती आणि सावलीच्या पोटात दिवे होते. बाबाही पाळक होते. बाबा देवाशी घरच्या माणसासारखं बोलत आणि घरच्या माणसांशी देवासारखं. धाकटीला साखरेचा आजार होता, रोज सुई. तिच्या पोटावर बारीक निळे ठिपके होते आणि ती मधलीला ते मोजायला लावायची, मधेच गुदगुल्या होऊन हसायची, की मोजणी परत पहिल्यापासून. दादाला तेव्हा नुकती मिसरूड फुटली होती. एका रविवारी तो उपासनेत उभा राहिला, थरथरत होता, म्हणाला, "मी धाकटीला धावताना पाहिलं. मोकळ्या मैदानात. तिला सुई नव्हती." बाबा ढसाढसा रडले, आनंदानं. सगळी मंडळी उभी राहिली. त्या दिवसापासून सुई बंद झाली. सुरुवातीला धाकटी फार खूश होती. मग तिला तहान लागायला लागली, पाणी पिऊन पुरेना, आणि मग तिच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळाचा वास यायला लागला. तो वास मधलीच्या नाकातून पुढं कधी गेला नाही. फळांच्या दुकानापाशी ती अजूनही रस्ता ओलांडायची. मूठमाती देताना बाबा म्हणाले, देवाची इच्छा. बरी होणार तेव्हाही तेच म्हणाले होते, त्याच आवाजात. इतर कुणाला त्यात काही खटकलं नाही. मधलीला वाटलं होतं, आता आपल्याला देव राहणार नाही. तसं झालं असतं तर एक वेळ सुटली असती. पण तो गेला नाही. घरात एखादा पाहुणा येऊन बसावा, काही बोलू नये, उठूही नये, तसा तो तिच्यात बसून राहिला. ती दुसऱ्या, लहानशा मंडळीत जायला लागली, मागच्या बाकावर. प्रभूच्या प्रार्थनेत देवाच्या इच्छेची ओळ आली की तिचे ओठ मिटत. पुढच्या ओळीला ते पुन्हा उघडत. जिन्यातली एक मोडकी पायरी ओलांडायची सवय व्हावी तशी ती सवय झाली होती.

नवरा बस डेपोत मेकॅनिक होता, नखांतलं काळं कधी न जाणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "देवानं दोन किडन्या दिल्या त्या काय वाटणी करून? एक तुझी, एक तुझ्या भावाची?" तिला हसू आलं नाही तसा तो गंभीर झाला. "नाही म्हण. मी आहे. आणि हो म्हणालीस तरी मी आहेच, जाणार कुठं? फक्त मला देवाचं नाव सांगू नकोस. तुला काय वाटतं ते सांग."

तिला काय वाटत होतं ते तिलाच सांगता येईना. तिनं आत बघितलं तर तिथं आधीच गर्दी होती. बाबा उभे होते, दादा उभा होता, ती मऊ हातांची बाई उभी होती. सगळे तिच्या वतीनं बोलत होते. तपासण्या करून घ्यायला काय हरकत आहे, असं वहिनी फोनवर म्हणाली, आणि हरकत काय ते न सुचल्यामुळे ती गेली. रक्त काढलं, पुन्हा काढलं, मोठ्या यंत्राच्या बोगद्यात निजवलं. प्रत्येक वेळी तिला वाटे, आता काहीतरी निघेल, काहीतरी नडेल. काहीच नडलं नाही. एकेक दार आपणहून उघडत गेलं, आणि दारं अशी उघडायला लागली की माणसाला जास्त भीती वाटते. मंडळीतली माणसं रस्त्यात भेटत, तिच्याकडे बघताना त्यांची नजर तिच्या तोंडावरून घसरून कमरेशी जाई. कुणी घरी फळांची टोपली आणून ठेवली. तिनं ती दाराबाहेरच राहू दिली.

किडनीच्या डॉक्टर तरुण होत्या, थकलेल्या, डोळ्यांखाली काळं. त्यांनी दार लावून घेतलं. "जुळतंय. अगदी छान जुळतंय," त्या म्हणाल्या. "आता माझं नीट ऐका. तुम्हाला द्यायची नसेल तर मी बाहेर एवढंच सांगेन की दाता म्हणून चालत नाही. कारण सांगायला मी बांधलेली नाही. कुणाला काही कळणार नाही. असं आम्ही करतो, त्यात वावगं काही नाही."

केवढी सोपी वाट होती! मधलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ती वाट मनातल्या मनात शेवटपर्यंत चालून बघितली. दादा म्हणेल, देवाची इच्छा नव्हती. मंडळी म्हणेल, देवाची इच्छा नव्हती. म्हणजे पुन्हा तेच, तिसऱ्यांदा. तिच्या नाही म्हणण्यालाही ते त्याचंच नाव देतील आणि तिची खूणसुद्धा राहणार नाही. "नको," ती म्हणाली. "नाही म्हणायचं झालं तर माझ्या तोंडानं म्हणेन. थोडे दिवस द्या."

त्या दुपारी ती आपल्या मंडळीच्या छोट्या देवळात जाऊन बसली. कुणी नव्हतं. रंगीत काचेतून येणारा लाल पट्टा बाकावरून हळूहळू तिच्या मांडीवर आला. तिला क्रुसावर जाण्याआधीची बागेतली रात्र आठवली, प्रभू तोंडावर पडून प्रार्थना करतोय आणि सोबतची माणसं झोपलीत. बाबा या भागावर फार छान बोलत, पण ते नेहमी शेवटून सुरुवात करत, शरण जाण्यापासून. त्याच्या आधीचं कुणी सांगितलंच नव्हतं. आधी त्यानं स्वतःला काय हवंय ते सांगितलं होतं. त्याला नको होतं. देवाच्या मुलाला नको होतं, आणि त्यानं ते स्पष्ट सांगितलं, घाम गाळत. हे इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं. तिच्या घरात मधली पायरी गाळूनच सगळे वर चढत आले होते. ती मोठ्यानं म्हणाली, "मला द्यायची नाही." रिकाम्या जागेत आवाज घुमला, परत आला. "मला भीती वाटते. आणि मला दादाचा राग आहे. धाकटी गेली त्याचा राग आहे." बस्स. उत्तर आलं नाही. पण धाकटी गेल्यापासून पहिल्यांदा तिला वाटलं, आपण प्रार्थना केली.

दुसऱ्या दिवशी ती डायलिसिसच्या खोलीत गेली. दादाच्या दंडातून रक्त नळीनं बाहेर येत होतं, यंत्रात फिरत होतं, दुसऱ्या नळीनं परत जात होतं. त्याच्या अंगावरच्या चादरीची किनार वाकडी इस्त्री केलेली होती, आणि तेवढ्याच गोष्टीकडे बघत ती म्हणाली, "दादा, मला द्यायची इच्छा नाही."

"तुझी इच्छा कोण विचारतंय, मधले? त्याची—"

"धाकटीच्या वेळी त्याची काय होती? ती धावणार ही, का ती मरणार ही?"

शेजारच्या पलंगावरच्या माणसानं कूस बदलली. "मला ती खरंच दिसली होती," दादा नळीकडे बघत म्हणाला. "शपथेवर सांगतो. धावताना. केस उडत होते. मी खोटं बोललो नाही. मग ती गेली तेव्हा मला वाटलं, कदाचित ते मैदान इथलं नव्हतं. एवढीशी गोष्ट मला कळली नाही." त्यानं मोकळ्या हातानं चादर हनुवटीपर्यंत ओढली. आता त्याचा आवाज व्यासपीठावरचा नव्हता. "आणि तुझं माझं दिसलं तेही कुठलं असेल कुणाला ठाऊक. पांढरं वस्त्र काय, कशावरही असतं. मला भीती वाटते गं मधले. मला मरायचं नाही. देशील का?"

त्यानं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा दादानं तिला काहीतरी विचारलं. आणि तिच्या आत, त्या सगळ्या गर्दीच्या पलीकडे कुठंतरी, एक होकार उभा होता. कधी आला कळलं नाही. ती दचकलीच. तिनं त्याला सगळीकडून हात लावून बघितला. दया आहे का ही? थोडी होती, पण तेवढीच नव्हती. मोठेपणा? बदला? दादा आपल्या उपकाराखाली वाकावा म्हणून? प्रत्येक नावानं हाक मारून बघितली, तो होकार कुठल्याच नावाला ओ देईना. तो तिचाच होता, आणि तिनं तो तयार केलेला नव्हता. तिचं 'नको' अजून तिथंच होतं, जिवंत, आणि त्याच्या शेजारी हा. दोघे एकमेकांशी भांडत नव्हते. "देईन," ती म्हणाली, आणि अंगावर काटा आला. "पण तुला दिसलं म्हणून नाही. मंडळीला सांगशील असं?"

"सांगेन," दादा म्हणाला. तो रडत होता.

रविवारी ती त्याच्या उपासनेला जाऊन मागं उभी राहिली. दादाला दोघांनी धरून व्यासपीठावर आणलं. समोर चेहऱ्यांची गच्च दाटी, सगळे वर बघणारे, उपाशी माणसांसारखे. दादानं तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं, मग त्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की हा आता त्यांना रिकाम्या हातानं घरी पाठवू शकणार नाही. "प्रभूनं मला दाखवलं," दादा म्हणाला, आणि खोली उसळली. हात वर गेले, बाकं मागं सरकली, कुणीतरी मधलीला मिठी मारली. ती खांबासारखी उभी राहिली. हिरडीतल्या दुखऱ्या दातावर जीभ जावी तसं मन त्या होकारापाशी गेलं. तो होता. तसाच. दादानं शब्द मोडला म्हणून तो मोडला नव्हता. मोडला असता तर केवढं बरं झालं असतं! त्या गजरात तिला पहिल्यांदा कळलं की आपण ज्याच्या हाती सापडलोय तो हा आरडाओरडा करणारा नाही, तो दुसराच कुणीतरी आहे, गप्प बसणारा, आणि तो सोडत नाही.

ऑपरेशनच्या आधी दवाखान्याची समिती होती. चष्मा लावलेल्या बाईंनी सवयीनं विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" मधलीनं बराच विचार केला. "माणसांपैकी कुणाचा नाही," ती म्हणाली. बाईंचं पेन थांबलं. नवरा घाईनं खाकरला. "नाही, असं म्हणायचंय तिला. आडवळणानं बोलायची सवयच आहे हो." बाई हसल्या. मधली हसली नाही.

शुद्धीवर आली तेव्हा डाव्या कुशीत कुणीतरी तापलेली इस्त्री ठेवून विसरून गेलं होतं. नवऱ्याचा चेहरा वर आला. "तुझ्या भावाला टेबलावरच लघवी झाली," तो म्हणाला. "माणसाला मूत झालं म्हणून एवढा आनंद झालेला मी जन्मात पाहिला नव्हता. डॉक्टर नाचायच्या तेवढ्या बाकी होत्या." ती हसली, कळ आली, रडली. बाहेरच्या रस्त्यावर मंडळी गात होती.

घरी सोडायच्या दिवशी नवरा गाडी बघायला खाली गेला आणि ती भिंत धरत दादाच्या खोलीपर्यंत गेली. त्याला वेगळं ठेवलं होतं, दाराला काच, आत मास्क लावल्याशिवाय प्रवेश नाही. ती मास्क लावून आत गेली. दादा पलंगावर ताठ बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरची राख गेली होती, गालांवर रंग होता. खोलीत तो पितळेचा वास नव्हता. तिला वाटलं, एवढ्यासाठी चाललं असतं सगळं. एवढं पुरे.

"मधले," तो म्हणाला, डोळे चमकत होते, "काल मला पुन्हा दाखवलं गेलं. किती दिवसांनी! मंडळीतलं एक जोडपं आहे, त्यांच्या चिमुरडीला फिट येतात. मला ती दिसली, मोकळी, हसरी. मी मघाशी त्यांना काचेपलीकडे उभं करून फोनवर सांगितलं. म्हटलं, औषध आजपासून बंद. माझी बहीण बघा, म्हटलं. विश्वासानं काय होतं ते माझ्या अंगात बघा."

पिकून उतरलेल्या फळाचा वास इतका एकदम आला की तिनं मास्कवर हात दाबला. "कुठं आहेत ती?"

"गेली असतील लिफ्टकडे. का?"

ती बाहेर पडली. बोळ लांब होता आणि टाके ओढत होते. लिफ्टपाशी ते जोडपं उभं होतं, बापाच्या खांद्यावर मुलगी झोपलेली, तिचा एक मोजा निसटून लोंबत होता. बाईनं तिला ओळखलं आणि तोंडावर हात ठेवला. "अहो, त्याच त्या!" तिच्या नजरेत रस्त्यातल्या त्या सगळ्यांचीच भक्ती होती. मधलीला वाटलं, हे मला आजपर्यंत नको होतं. आता घेते.

"औषध आहे का जवळ?" तिनं विचारलं.

"पिशवीत आहे. पण पास्टर म्हणाले—"

"आत्ता द्या. माझ्यासमोर."

दोघं एकमेकांकडे बघू लागली. लिफ्ट आली, उघडली, रिकामीच मिटून गेली. बाप चाचरत म्हणाला, "पण ताई, देवाची इच्छा? त्यांना दिसलंय."

"त्याला माझी बहीणही दिसली होती, धावताना. तिची सुई बंद केली. ती गेली," मधली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. कुशीवर हात दाबून ती भिंतीला टेकली. "त्याच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. मला कधी काही दिसत नाही. मी आज एवढंच सांगू शकते, औषध द्या."

बाईनं पिशवी उघडली. बाटली सापडली, चमचा सापडला. मुलीनं अर्धवट झोपेत तोंड वाकडं करत औषध गिळलं आणि बापाच्या शर्टाला ओठ पुसून ती पुन्हा झोपली.

"आणि उद्या?" बाईनं विचारलं.

"उद्याही. परवाही. कुणालाही काहीही दिसलं तरी."

बोळाच्या पलीकडच्या टोकाला दादा पलंगावरून उतरून दाराशी आला होता. शब्द ऐकू येत नव्हते, नुसता काचेवर थापा मारत होता, तळहातानं, पुन्हा पुन्हा. मधलीनं मागं वळून पाहिलं नाही. थापांवरून कळत होतं, हातात आता चांगलीच ताकद आली होती.